प्रश्न काढायचे, तेही चौघांनी मिळून

ज्यांच्या घरात इंजिनिअरिंगला जाणारे मूल आहे त्यांना परीक्षेआधीचा महिना चांगला ठाऊक असतो. मागच्या पाच वर्षांच्या पेपरांचे झेरॉक्स घरभर पसरतात, मोबाइलवर ग्रुपमधले मेसेज येत राहतात, आणि रात्री दोनपर्यंत दिवा चालू असतो. अम्मी दुधाचा ग्लास ठेवून जाते. मूल अभ्यास करते आहे याचे तिला समाधान. पण ते नेमके काय करते आहे? बहुतेक वेळा सोडवलेली उदाहरणे पाठ करते आहे.

यात मुलांना बोल लावायला आम्ही हे लिहीत नाही. आम्ही दोघे नवरा-बायको एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतो. विषय एकच, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, फक्त तुकड्या वेगळ्या. कित्येक वर्षे आम्ही जुनेच प्रश्न आकडे बदलून विचारत आलो. भार २० चा २५ केला, लांबी ६ ची ८ केली, की झाला नवा पेपर. मुलांनी आमची ही सवय बरोबर ओळखली होती. पाठ केले की पास होता येते, मग समजून घेण्याची तसदी कशाला?

म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही ठरवले की चाचणीचे काही प्रश्न मुलांनीच काढायचे. चार पर्यायांचे, आणि चौघांच्या टीमने मिळून.

पहिल्या वर्षी ते सपशेल फसले. टीम करायला मुलांना मोकळीक दिली, तर मित्र मित्रांकडे गेले आणि मागच्या बाकावरची मुले उरली. प्रत्येक टीममध्ये एकाने सगळे लिहिले, बाकी तिघांनी नावे घातली. प्रश्न पुस्तकातून उचललेले. पर्याय तर असे, की बरोबर उत्तर १२ आणि चुकीची ११, १३, १४. एका टीमने चौथ्या पर्यायात 'यापैकी नाही' लिहून सुटका करून घेतली. दोन आठवडे संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही ते तपासले आणि शेवटी गठ्ठा बाजूला ठेवून दिला.

दुसऱ्या वर्षी आम्ही एकच मोठा बदल केला. बरोबर उत्तर कसे आले हे सांगण्यापेक्षा चुकीचे प्रत्येक उत्तर कोणत्या चुकीतून आले हे लिहायचे. ज्या पर्यायामागे खरी चूक नाही तो पर्याय बाद. टीम आम्ही चिठ्ठ्या टाकून केल्या, आणि प्रश्न समजावून सांगायला चौघांपैकी कोणालाही उभे करू असे सांगून ठेवले.

याने काय झाले ते एका उदाहरणावरून सांगतो. दोन्ही टोकांना टेकलेला ६ मीटरचा बीम, मधोमध २० किलोन्यूटनचा भार. सर्वांत जास्त बेंडिंग मोमेंट किती? उत्तर ३० किलोन्यूटन-मीटर. हा प्रश्न दरवर्षीचा. पण एका टीमने पर्याय दिले १५, ३०, ६० आणि १२०. पंधरा कोणाचे येईल? ज्याने सगळीकडे पसरलेल्या भाराचे सूत्र एका जागच्या भाराला लावले, त्याचे. साठ कोणाचे? ज्याने टेकूवरचा अर्धा भार बरोबर काढला, पण तो अर्ध्या लांबीने गुणायचा सोडून पूर्ण लांबीने गुणला, त्याचे. आणि एकशेवीस त्याचे, जो बीमच्या जागी भिंतीतून पुढे आलेला सज्जा समजून बसला. हे तिन्ही घोटाळे आम्ही वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकांत पाहिले होते, पण असे नावगाव लावून कधी वर्गात सांगितले नव्हते. टीममधल्या चौघांनी ते कुठून शोधले? अगदी सोपे. आधी चौघांनी उदाहरण वेगवेगळे सोडवले होते, आणि तिघांची उत्तरे चुकली होती!

ही कल्पना आमची नाही, हेही सांगितले पाहिजे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात पॉल डेनी यांनी 'पीअरवाइज' नावाची व्यवस्था उभी केली आहे. तिथे विद्यार्थी स्वतः पर्यायी प्रश्न लिहितात, एकमेकांचे सोडवतात, त्यांना गुण देतात आणि चूक दिसली तर खाली लिहितात. टीम करून शिकण्याची पद्धत त्याहून जुनी. अमेरिकेत ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेलसेन यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी वर्ग फार मोठा झाला म्हणून ती बसवली. आमच्या घरी मात्र हे सगळे ऐकून मदरशात शिकलेले आमचे एक बुजुर्ग हसले. म्हणाले, "अरे, आम्ही रोज असर नंतर हेच करायचो. तकरार म्हणजे दुसरे काय?" उस्तादांनी दिलेला सबक मुले घोळका करून बसतात, एकजण पुन्हा सांगतो आणि बाकीचे त्याला अडवतात, ती तकरार. मराठीत त्याच शब्दाची तक्रार झाली. आमच्या वर्गात दोन्ही झाल्या.

मोठी तक्रार झाली ती वाशावरून. एका टीममध्ये दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली एक मुलगी होती. वर्गात तिचा आवाज आम्ही दीड वर्षात ऐकलेला नव्हता. दोन विषयांत केटी लागलेली. तिचे वडील सुतारकाम करतात. ते आम्हाला येऊन भेटले होते आणि हात जोडून म्हणाले होते, "मॅडम, पोरीला जमत नसेल तर सांगा. फी भरायला मी ना म्हणत नाही, पण ती रात्री रडते." आम्ही त्यांना काही धड उत्तर देऊ शकलो नव्हतो.

या मुलीच्या टीमने प्रश्न आणला: ५० बाय १०० मिलिमीटरचा लाकडी वासा रुंद बाजूवर आडवा टाकण्याऐवजी अरुंद बाजूवर उभा टाकला, तर तो किती पट मजबूत होतो? पर्याय २, ४, ८ आणि 'काही फरक नाही'. उत्तर दिले होते ४. दुसऱ्या टीमने वर्गात ते खोडून काढले; त्यांचे उत्तर २ येत होते. फळ्यावर दोन्ही गणिते मांडली गेली. दोन्ही बरोबर! आवाज चढले. एका मुलाने तर "सर, तुमचे उत्तर काय ते सांगून टाका" म्हणून विषय मिटवायचा प्रयत्न केला.

आम्ही आमचे उत्तर दिले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी ते तयारही नव्हते. प्रश्न आम्ही आधी तपासला होता, ४ हे उत्तर बरोबर म्हणून पास केला होता. तेव्हा ती मुलगी उठली. अर्धे मराठी, अर्धे उर्दू आणि मधे इंग्रजी संज्ञा, अशा भाषेत तिने सांगितले की चूक 'मजबूत' या शब्दात आहे. वासा मोडणार कधी असे विचारले तर उभा वासा दुप्पट भार घेईल. पण वासा वाकणार किती असे विचारले तर तो चौपट कमी वाकेल. मोडणे वेगळे, वाकणे वेगळे. "आमचे अब्बा छप्पर करताना वासा उभाच टाकतात," ती म्हणाली, "पण का, ते मला या प्रश्नापर्यंत माहीत नव्हते."

वर्गात काही वेळ कोणी बोलले नाही. इंजिनिअर म्हणून काम करताना हाच फरक सर्वांत जास्त उपयोगी पडतो, आणि आम्ही तो दोन तासांत फळ्यावर शिकवून पुढे गेलो होतो.

याने सगळे सुरळीत झाले असे समजू नका. साठ मुलांच्या वर्गात पंधरा टीम होतात. प्रत्येकी दोन म्हणजे तीस प्रश्न, आणि त्यातले निम्मे परत पाठवावे लागतात. अंतर्गत गुणांतले फक्त ५ आम्ही याला ठेवले आहेत, कारण टीममध्ये आळशी मूल कामसू मुलाच्या खांद्यावर बसते, हे चिठ्ठ्यांनीही पूर्ण थांबत नाही. आता काही जण मोबाइलवरच्या एआयला सांगून प्रश्न तयार करून आणतात. ते लगेच ओळखू येते असे नाही. पण 'हा चुकीचा पर्याय तुमच्यापैकी कोणाचा?' असे विचारले की गाडी अडते. आणि विद्यापीठाचा पेपर जुन्याच वळणाने येतो, त्यामुळे काही पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. गेटची तयारी करणाऱ्या मुलांना मात्र तसे वाटत नाही. तिथे एका गुणाचा पर्यायी प्रश्न चुकला तर एकतृतीयांश गुण कापला जातो, दोन गुणांचा चुकला तर दोनतृतीयांश. पर्यायात नेमका सापळा कुठे असतो हे ज्याने स्वतः सापळे लावले आहेत त्याला लवकर दिसते.

त्या मुलीची एक केटी सुटली आहे, एक बाकी आहे. सुधारलेला वाशाचा प्रश्न आम्ही चाचणीत घातला, 'मजबूत' शब्द काढून. तिने तो घरी नेऊन वडिलांना दाखवला. त्यांनी वाचून घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाले, लाकूड नुसते उभे टाकून भागत नाही, गाठ कुठे आहे ते आधी पाहावे लागते. गाठ असलेली बाजू वर ठेवायची, खाली आली की वासा तिथेच फाटतो.

दुसऱ्या दिवशी ती टीम आमच्या केबिनबाहेर उभी होती. गाठ वर का, खाली का नाही, यावर त्यांना प्रश्न करायचा होता. दोन टोकांना टेकलेल्या वाशाची खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते, एवढे त्यांनी स्वतःच काढले होते. तीन पर्याय लिहून झाले आहेत. चौथी चूक कोण करेल, याचा शोध चालू आहे.