तार किती लांब असावी?

घरातील रेडिओवर तुम्हांला फक्त ऐकता येते. हौशी रेडिओवर म्हणजेच 'हॅम रेडिओ'वर बोलताही येते. त्यासाठी परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना मिळवावा लागतो. 30 सप्टेंबर 1993 रोजी लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे मोठा भूकंप झाला. तेव्हा हॅम मंडळींनी रेडिओवरून निरोप पोहोचवून मदत केली.

असा रेडिओ पिशवीत मावतो आणि बॅटरीवर चालतो. उंच मनोरा मात्र सोबत नेता येत नाही. म्हणून एरियलसाठी लांब तार झाडाला बांधतात. ती किती लांब असावी?

समजा, तुम्हांला चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना येथून नागपूरशी बोलायचे आहे. दिवसा 7.1 मेगाहर्ट्झच्या लहरी यासाठी उपयोगी पडतात. त्या वर जाऊन आकाशातील आयनांबर या थरावरून परत जमिनीकडे येतात. अशा एका लहरीची लांबी सुमारे 42 मीटर असते.

पहिला उपाय अर्धलहरी तारेचा. ही तार लहरीच्या निम्म्याहून थोडी आखूड, सुमारे 20 मीटर असते. ती टोकाशी जोडतात. टोकाशी विजेचा दाब जास्त आणि प्रवाह कमी असतो. म्हणून रेडिओ आणि तार यांच्यामध्ये 1:49 चा लहान ट्रान्सफॉर्मर लागतो. तार एकदा बरोबर कापली की पुन्हा जुळवाजुळव करावी लागत नाही. तीच तार 14 आणि 28 मेगाहर्ट्झवरही चालते. पण 20 मीटर मोकळी जागा हवी.

दुसरा उपाय जागेत मावेल तेवढ्या तारेचा. ही तार 12-13 मीटरही चालेल. फक्त ती वापरायच्या लहरीच्या निम्म्याएवढी किंवा त्या निम्म्याच्या पटीत नसावी. तिला 1:9 चा ट्रान्सफॉर्मर आणि ट्यूनर लागतो. जमिनीवरही एक-दोन तारा पसराव्या लागतात. ती अनेक लहरींवर चालते, पण थोडी शक्ती जमिनीत आणि ट्यूनरमध्ये वाया जाते.

पहिली तार मापाने शिवलेल्या सदऱ्यासारखी आहे, तर दुसरी शालीसारखी. जागा असेल तर पहिली निवडा. जागा कमी असेल किंवा अनेक लहरी वापरायच्या असतील तर दुसरी बरी.

तार कोणतीही असो, विजेच्या तारांजवळ ती कधीही टाकू नका. बोलणे चालू असताना तिला हात लावू नका. ढग गडगडू लागले, तर रेडिओ बंद करून तारेपासून दूर जा.