घोड्याची नाडी पाहतात, वारकऱ्याची कोण पाहणार?

लांब पल्ल्याच्या घोडदौडीच्या स्पर्धा परदेशात लोकप्रिय आहेत. काही स्पर्धांत एका दिवसात 160 किलोमीटरपर्यंत मजल असते. वाटेत तपासणी नाके असतात. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला साधारण 30 ते 40 असते. नाक्यावर ठरलेल्या वेळेत ती 64 पर्यंत उतरली नाही, किंवा घोडा लंगडत असला, तर त्याला तिथेच थांबवतात. स्वाराने कितीही विनवले तरी उपयोग नसतो. या नाक्यांवर राबणारे बरेचसे लोक स्वयंसेवक असतात.

आपल्याकडे माउलींच्या सोहळ्याचे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून आळंदीपर्यंत सुमारे 300 किलोमीटर चालत येतात. मुक्या जनावराची काळजी घ्यावीच लागते. माणूस बोलतो, पण दुखणे लपवतो!

संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून आपल्या नाशिक रोड-पळसे मार्गाने पंढरपूरला जाते. वाटेवरच्या प्रथमोपचाराच्या टेबलाशी बसले की एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते, ‘काही नाही डॉक्टर, पांडुरंग चालवतो.’ रक्तदाब वाढलेला, गोळ्या घरी राहिलेल्या, आणि एकादशीचा उपास! अशा माणसाला थांबवणे हे आमचे सर्वांत अवघड काम.

संयोजकांची दुसरी अडचण वेगळीच. केळी, चहा वाटायला हवे तेवढे हात मिळतात. पण पिण्याच्या पाण्यात क्लोरीन टाकणे, पहाटे महामार्गावर कंदील घेऊन उभे राहणे, यासाठी कोणी पुढे येत नाही. म्हणून कामे नावानिशी आधीच वाटून द्यावीत. चार तासांनी पाळी बदलावी. उन्हात उभा असलेला स्वयंसेवक स्वतः पाणी प्यायला विसरतो आणि मग तोच आमच्या टेबलावर येतो.

स्वयंसेवकांनी एवढे लक्षात ठेवावे :

1) अंग तापलेले आणि बोलणे असंबद्ध : हा उष्माघात समजावा. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारून वारा घालावा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

2) मधुमेही माणसाला घाम, थरथर, गोंधळ : शुद्धीवर असेल तर लगेच साखर द्यावी.

3) छातीत दुखणे, दम लागणे : एक पाऊलही चालवू नये.

पहिल्या आणि तिसऱ्या प्रसंगी, किंवा शुद्ध हरपत असेल तर, 108 क्रमांकावर फोन करण्यात क्षणही दवडू नये.

वारकऱ्यांनीही निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. नाव, आजार, गोळ्या आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी. मधुमेहींनी रोज रात्री तळपाय पाहावेत. फोड फोडू नयेत.

दिंडीप्रमुखांना माझे एकच सांगणे आहे. ‘आज तुम्ही गाडीत बसा’ असे म्हणण्याचा अधिकार दिंडीतल्या एका माणसाला द्या, आणि त्याचा शब्द सर्वांनी पाळा. एक मुक्काम गाडीतून गेल्याने वारी खंडत नाही. पांडुरंग विटेवर उभाच आहे. आपण तिथपर्यंत धडधाकट पोहोचले पाहिजे.