टकळीकडून चरख्याकडे

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून आणि तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीच्या अहवालातून बुनियादी शिक्षणाची जी योजना सिद्ध झाली, तिच्यात सूतकताईचा आरंभ टकळीने होई व चरखा मागाहून येई. कारण टकळीला मांडणी लागत नाही, ती हाती घेताच सूत निघू लागते, आणि वस्त्राला पुरेल इतक्या एकसारख्या सुताची निकड उत्पन्न झाल्यावरच चरख्याच्या मांडणीचे कष्ट सार्थ होतात. संगणकाची भाषा शिकणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यालाही हाच क्रम हितावह आहे, असे माझे निश्चित मत आहे.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथनसारख्या सुलभ भाषेत ‘क्षेत्र’ या नावाखाली आकडा ठेवायचा की अक्षरे, हे आधी जाहीर करावे लागत नाही, आणि त्यामुळे घडलेली चूक प्रोग्राम त्या ओळीपर्यंत पोहोचेपर्यंत दडून राहते. जावासारख्या प्रकारबद्ध, म्हणजे ‘टाइप्ड’, भाषेत प्रत्येक नावाचा प्रकार मुक्रर असतो, व कंपायलर अशी विसंगती प्रोग्राम चालण्यापूर्वीच नामंजूर करतो.

याचे मोल जमिनीच्या दप्तरावरून उत्तम कळते. सातबाऱ्यावरील १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर. परंतु एकर-गुंठ्यांच्या जुन्या कागदावर तोच आकडा असेल, तर चाळीस गुंठ्यांचा एकर या हिशेबाने तो दीड एकर होतो, आणि दोहोंची सरळ बेरीज करणारा प्रोग्राम खातेदाराचे खोटे क्षेत्र बिनतक्रार छापतो. मात्र दोन्हींना नुसती ‘दशांश संख्या’ म्हटले, तर प्रकारबद्ध भाषाही ही चूक पकडणार नाही. ‘हेक्टर-आर’ आणि ‘एकर-गुंठे’ असे दोन स्वतंत्र प्रकार लिहिणाऱ्यानेच घडवले पाहिजेत. १९९९ साली नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ नष्ट झाले, ते एका सॉफ्टवेअरने पौंडाच्या परिमाणात दिलेले आकडे दुसऱ्याने मेट्रिक मानल्यामुळेच.

मग स्थित्यंतराची वेळ कोणती? जोवर प्रोग्राम एकाच्याच हाती आहे, दोन-चार पाने भरेल एवढाच आहे, आणि काम संपताच टाकून द्यायचा आहे, तोवर प्रकारांचा खटाटोप अनाठायी होय. परंतु तो दुसऱ्याच्या हवाली करण्याचा प्रसंग आला, एका ठिकाणी नाव बदलताच भलतीकडे बिघाड होऊ लागला, अथवा त्याच्या उत्तरावर कोणाची जमीन, पैसा वा औषध अवलंबून राहिले, की विलंब करू नये.

त्यासाठी सारे लिखाण मोडावे लागते, असेही नाही. जावास्क्रिप्ट या भाषेला प्रकारांची जोड देणारी टाइपस्क्रिप्ट २०१२ मध्ये आली, आणि पायथनमध्ये प्रकार नोंदवण्याची प्रमाणित पद्धत २०१५ मध्ये रूढ झाली. ती नोंद ऐच्छिक असून तिची छाननी मायपायसारखे वेगळे साधन करते. म्हणून बाहेरची माहिती जिथे आत येते आणि जिथे हिशेब होतो, त्या जागांपासून आरंभ करावा. कारण आपल्या आकड्यावर विसंबणाऱ्या अपरिचित माणसाचे हित सांभाळणे, हे लेखणी धरणाऱ्या कारकुनाइतकेच प्रोग्राम लिहिणाऱ्याचेही कर्तव्य आहे.