दिवा लांब, उजेड जवळ: मायक्रोस्कोपसाठी फायबर लाइट गाइड कसा निवडायचा?

काचेच्या वाटीत माशाची जिवंत अंडी आहेत, वर मायक्रोस्कोप. नीट दिसावं म्हणून हॅलोजनचा दिवा जवळ ओढला, तर थोड्याच वेळात पाणी तापतं आणि नमुना वाया जातो. उजेड हवा, पण दिव्याची उष्णता नको. यासाठीच फायबर लाइट गाइड वापरतात.

हे काम कसं करतं?

दिवा लांब एका डब्यात असतो. डब्यातून निघणाऱ्या नळीत काचेचे हजारो तंतू, केसाइतके किंवा त्याहून बारीक. प्रत्येक तंतूच्या गाभ्यावर वेगळ्या काचेचं पातळ आवरण असतं. त्यामुळे प्रकाश बाहेर न निसटता आतल्या आत परावर्तित होत टोकापर्यंत पोहोचतो.

पंजाबमधल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी 1954 मध्ये 'नेचर'मध्ये काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवल्याचं मांडलं. चित्रासाठी प्रत्येक तंतू दोन्ही टोकांना एकाच क्रमाने लागतो. नुसत्या उजेडासाठी ही अट नाही, म्हणून लाइट गाइड बनवणं सोपं जातं.

सेमी-रिजिड म्हणजे काय?

साधी फायबर केबल लवचिक असते, तिला धरायला स्टँड लागतो. सेमी-रिजिड गाइडला धातूचं वळणारं कवच असतं. वळवाल तिथे तो थांबतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. हंसाच्या मानेसारखा दिसतो, म्हणून त्याला 'गूजनेक' म्हणतात.

घेताना काय बघाल?

जाडी: बाहेरच्या कवचाची नाही, आतल्या जुडग्याची विचारा. व्यास 4 मिमीऐवजी 8 मिमी असेल, तर क्षेत्रफळ चौपट होतं.

लांबी: गरजेपुरतीच. लांबी वाढली की उजेड घटतो आणि पिवळसर छटा येते.

हात किती: एका हाताने सावली पडते, त्यातून उंचसखल भाग कळतात. दोन हातांनी सावली सौम्य होते. सपाट, एकसारखा उजेड हवा असेल तर रिंग लाइट बरी.

काच की प्लास्टिक: प्लास्टिकचे तंतू उष्णतेला कमी टिकतात. हॅलोजनसाठी काचच घ्या.

जुना माल: एक टोक खिडकीकडे धरा आणि दुसऱ्यात बघा. काळे ठिपके म्हणजे तुटलेले तंतू. ते जोडता येत नाहीत. म्हणून गाइड कधीही टोकाच्या कोनात मुडपू नका.

जोड: गाइडचं टोक तुमच्याकडच्या डब्यात बसतं का, हे पैसे देण्याआधी तपासा.

'थंड प्रकाश' खरंच थंड असतो?

पूर्णपणे नाही. डब्यात अवरक्त किरणं गाळली जातात, पण तीव्र दृश्य प्रकाशही ज्या वस्तूवर पडतो तिला तापवतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत चालू लाइट केबलचं टोक कापडावर राहिल्याने कापड जळण्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून गाइडचं टोक नमुन्याला चिकटवू नका आणि काम झालं की दिवा आधी बंद करा.

आणि काम फक्त मोबाइलचा बोर्ड बघण्याचं असेल, तर फायबरचा खर्च टाळता येईल. तिथे साधा एलईडी दिवाही पुरतो.