मोबाईलमधला मटका : सुटणे आणि सुटलेले राहणे

आपल्या वस्त्यांत दारूविषयी उघडपणे बोलले जाते. आपल्या बायांनी गुत्त्यांवर मोर्चे नेले, मडकी फोडली. दारू प्यालेला माणूस दिसतो, त्याचा वास येतो. मोबाईलवर जुगार खेळणारा माणूस मात्र दिसत नाही. तो आईच्या शेजारी अंथरुणावर पडून खेळतो, आणि घराला वाटते, पोरगा सिनेमा बघतो आहे.

माझा धाकटा भाऊ वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहे. माझे शिक्षण पुरे व्हावे म्हणून तो बारावीनंतर कामाला लागला. घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्याच्या मजुरीवर. त्याच्या डोक्यावर जुगारापायी दीड लाखाचे कर्ज झाल्याचे कळले, तेव्हा मी पतपेढीतून पैसे उचलून ते गुपचूप फेडले. आईला कळू नये, भावकीत नाचक्की होऊ नये, आणि माझ्यावरचे ऋणही फिटावे, असा माझा हिशेब होता. दोन महिन्यांत तो पुन्हा खेळू लागला. कर्ज फिटले होते, खेळ थांबला नव्हता. मी त्याला नवे कर्ज काढायला मोकळे करून दिले होते, एवढेच. या चुकीतून जे उमगले ते येथे मांडतो.

प्रथम हा खेळ माणसाला धरतो कसा, ते पाहिले पाहिजे. साठच्या दशकात मुंबईच्या गिरणगावात मटका फोफावला. त्यात ओपन आणि क्लोज यांच्यामध्ये काही तासांचे अंतर असे. आकडा लावायला अड्ड्यावर जावे लागे, हातातली नोट मोजून द्यावी लागे. त्या अवधीत माणूस भानावर येण्याची थोडी तरी शक्यता होती. मोबाईलने हे अंतर पुसले. डाव मिनिटात संपतो, पैसा नोटेसारखा दिसत नाही, नुसते आकडे हलतात. शिवाय जिंकणे केव्हा येईल याचा नेम नसतो. मानसशास्त्राचा हा जुना निष्कर्ष आहे की, ठरावीक वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अवचित मिळणारे बक्षीस सवय अधिक घट्ट करते. त्यामुळे हरणारा माणूस थांबत नाही. गेलेले परत काढण्यासाठी तो आणखी लावतो. ‘दादा, एकदा फक्त मुद्दल निघू दे, मग हात लावणार नाही,’ हे माझ्या भावाचे वाक्य होते. प्रत्येक जुगाऱ्याचे हेच वाक्य असते.

यात आपल्या परिस्थितीचाही वाटा आहे. ज्या घरात एकरकमी पैसा कर्जाखेरीज कधी आलाच नाही, तिथे बहिणीचे लग्न किंवा घराचा स्लॅब एका रात्रीत होईल, हे आमिष फार मोठे असते. आणि पडणाऱ्याला न्यायही सारखा नाही. द्यूतात राज्य, भाऊ आणि बायको पणाला लावणारा राजा धर्मराजच राहिला. आपला पोरगा हरला की त्याची जात काढली जाते. त्या धास्तीने घरचेही झाकतात, आणि झाकलेल्या जागेतच हे व्यसन वाढते.

होय, हे व्यसनच आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या वर्गीकरणात जुगाराचा विकार दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या गटात घातला. ‘मन घट्ट कर’ एवढ्या उपदेशाने तो बरा होत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. त्यात खेळ चालवणाऱ्यांना व जाहिरात करणाऱ्यांना शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. तेव्हा मदत मागायला घाबरण्याचे कारण नाही. तथापि कायद्याने भूक मरत नाही. देशाबाहेरून चालणारे चोरटे अड्डे आहेतच.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, सारे कर्ज कागदावर मांडून घरातल्या निदान एका माणसासमोर ठेवायचे. सावकार, मित्र, कर्ज देणारी ॲपे, काहीही न लपवता. दुसरी, काही काळ पैसा स्वतःच्या हाती ठेवायचा नाही. पगाराच्या दिवशीच खर्चापुरते ठेवून बाकी विश्वासाच्या माणसाकडे द्यायचे, एटीएम कार्ड त्याच्याकडे सोपवायचे, मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सोय बंद करायची. तिसरी, घरच्यांनी कर्ज एकदम फेडू नये. ते ज्याचे त्याने हप्त्याहप्त्याने फेडावे, घरच्यांनी हिशेबाला सोबत बसावे. चौथी, वैद्यकीय मदत घ्यावी. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतो. ‘टेली मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालते. कर्जापायी कोणी मरणाची भाषा बोलू लागला, तर तिला धमकी समजू नये. त्याला एकटे न सोडता ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

थांबणे एका दिवसाचे असते, थांबलेले राहणे रोजचे. १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये काही जुगारी एकत्र येऊन ‘गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस’ उभी राहिली, ती याच अनुभवातून. जो स्वतः पडला आहे त्याच्यासमोर बोलताना लाज गळते. अशी बैठक आपल्या वाचनालयात, विहारात, वसतिगृहाच्या खोलीत आठवड्यातून एकदा भरवायला खर्च येत नाही. नावे बाहेर जाणार नाहीत आणि कोणी प्रवचन करणार नाही, एवढे दोन नियम पाळले तरी पुरे. कोणी पुन्हा खेळला तर त्याला हाकलू नये. त्याने त्याच दिवशी सांगितले, ही त्याची प्रगतीच समजावी. शिष्यवृत्ती जमा होण्याच्या दिवसांत शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडे जरा अधिक लक्ष द्यावे.

माझ्या भावाला थांबून चौदा महिने झाले. मध्ये एकदा तो घसरला, पाचशे रुपये घालवले, आणि रात्री अकराला त्याने मला फोन केला. दर सात तारखेला, पगाराच्या संध्याकाळी, मी त्याला आडवळण न घेता विचारतो, ‘खेळलास का?’ आईलाही आता सारे ठाऊक आहे. त्याचे कार्ड तिच्या पत्र्याच्या पेटीत असते, आणि कर्जाचे अजून एकोणीस हप्ते बाकी आहेत.