मेणवलीच्या घाटावरची घंटा

वाईहून धोमच्या रस्त्याला लागलं की तीनेक किलोमीटरवर मेणवली येतं. गाव एवढंसं. पण कृष्णेच्या घाटावर उतरून मेणेश्वराच्या देवळाजवळ जा. तिथे छोट्या दगडी मंडपात एक भलीथोरली घंटा टांगलेली दिसेल. वजन म्हणे साडेसहाशे किलो! तिच्यावर चित्र आहे ते बाळ येशूला घेतलेल्या मेरीचं, आणि सोबत साल आहे १७०७.

महादेवाच्या अंगणात मेरी कशी काय आली?

सांगते. पण आधी नदीशी ओळख करून घेऊ, कारण ती नसती तर हे गावच नसतं. कृष्णा उगम पावते वर महाबळेश्वरला. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६४ किलोमीटर. पण ही बाई पश्चिमेकडे बघतसुद्धा नाही! पूर्वेची वाट धरून तब्बल १४०० किलोमीटर चालते आणि थेट आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. असं का? सह्याद्रीचा पश्चिमेकडचा कडा उंच आणि पठाराचा उतार पूर्वेकडे. पाण्याला काय, उतार मिळाला की पुरे.

या साऱ्या डोंगरांचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून वर आलेल्या लाव्हाचे थरावर थर. वाईच्या आसपासचे डोंगर लांबून बघा, आडव्या पायऱ्या पायऱ्या दिसतील. मेणवलीचा घाटही काळ्या दगडाचाच आणि चंद्रकोरीसारखा वळलेला. नदी वळते तिथे बाहेरच्या काठाला पाणी जोरात घासतं आणि माती खात जातं. आतल्या काठाला ते मंदावतं आणि गाळ टाकतं. अशा नदीकाठी घर बांधायचं तर काठ दगडानं बांधून काढलेला बरा, नाही का?

हा घाट आणि त्यामागचा सहा चौकांचा वाडा नाना फडणविसांचा. नाना म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. जन्म १७४२ चा, साताऱ्याचा. पानिपतावर गेले तेव्हा विशीसुद्धा गाठली नव्हती. तिथून जीव वाचवून परतले आणि पुढे पेशवाईचा कारभार त्यांच्या हाती आला. तुमच्या आईबाबांना ‘स्वदेस’ सिनेमा आठवत असेल, तर हा घाट त्यांनी पडद्यावर पाहिलेलाच आहे.

आता घंटा. १७०७ म्हणजे औरंगजेब वारला ते साल. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले ते याच साली. त्या काळी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडे होता आणि आत मोठमोठी चर्चेस होती. १७३९ च्या मे महिन्यात बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा यांनी वसई जिंकली. विजयाची खूण म्हणून तिथल्या घंटा मराठ्यांनी देशावर आणल्या. एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, आणि एक ही मेणवलीची. गंमत बघा, वसई पडली तेव्हा नाना जन्मलेसुद्धा नव्हते. घंटा त्यांच्याहून चांगली पस्तीस वर्षांनी मोठी!

अशा घंटा तांबं आणि कथील वितळवून ओततात. जुन्या पितळी म्हणवल्या जाणाऱ्या तोफाही पुष्कळदा याच दोन धातूंच्या असत. फरक मिसळण्यात. तोफेत साधारण दहा भागांत एक भाग कथील. घंटेत पाच भागांत एक. कथील वाढलं की धातू कडक होतो आणि नाद लांबवर घुमतो, पण तो ठिसूळही होतो. तशा धातूची तोफ केली तर पहिल्याच बाराला फुटायची भीती. युरोपात तर लढाई लागली की कितीतरी चर्चच्या घंटा वितळवून तोफा ओतायचे. आपल्या लोकांनी मात्र घंटा ही घंटाच ठेवली. मला हे फार आवडतं.

घरी एक करून बघा. स्टीलचा पेला तळाशी धरून काठावर चमच्यानं हलकेच टण् करा. मग काठ मुठीत आवळून पुन्हा वाजवा. नुसतं ठक्! कारण थरथरतो तो काठ, आणि तुम्ही नेमका तोच अडवलात. म्हणून तर एवढी मोठी घंटा डोक्याकडून टांगतात आणि तिचा काठ मोकळा सोडतात.

मेणवलीनं आणखी एक मोठा ठेवा सांभाळला: नानांची कागदपत्रं. पत्रं, हिशेब, बातम्या, सगळी मोडीत लिहिलेली. साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी ती जमवली. इतिहासकार त्यांना ‘मेणवली दफ्तर’ म्हणतात. आज ती वाचायची तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जावं लागतं, आणि त्याआधी मोडी शिकावी लागते!