शहाण्णव अश्रूंचा मालक कोण?

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा मी ऊसतोड मजुरांच्या दरावर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी विषय कळविला तो अमेरिकेतल्या एका रॉक गाण्याचा. विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना, असे चिटणीसांनी मला उलट विचारले. चूक झाली नव्हती. ज्या पोरांनी हे गाणे केले त्यांचे आईबाप घरदार सोडून हंगामाला येणारे शेतमजूर होते, आणि तो मुलूखही साखर कारखान्यांचाच होता. संगीतातले मला फारसे कळत नाही. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि संपाच्या मांडवात. तेव्हा सुरांविषयी काही चुकले तर श्रोत्यांनी पोटात घालावे. करारमदाराविषयी मात्र मी जे बोलेन ते जरूर तपासून घ्यावे.

गाण्याचे नाव ‘नाइंटी-सिक्स टिअर्स’, म्हणजे शहाण्णव अश्रू. १९६६ सालचे हे गाणे. गाणाऱ्या वाद्यवृंदाचे नाव ‘क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्स’. यातला ‘क्वेश्चन मार्क’ हा शब्दाने लिहीत नसत. त्या जागी नुसते प्रश्नचिन्ह असे. ‘मिस्टेरियन्स’ हे नाव १९५७ सालच्या एका जपानी चित्रपटावरून घेतलेले, त्यात परग्रहावरचे लोक पृथ्वीवर चालून येतात. गायकाचे नाव रूडी मार्टिनेझ. पण तो ते सांगत नसे. डोळ्यांवर सदा काळा चष्मा, आणि कोणी विचारलेच तर आपण मंगळावरून आलो आहोत असे उत्तर. पुढे तर त्याने कायदेशीरपणेही आपले नाव ‘?’ असे करून घेतले. हजेरीपटावर अंगठा उठविणारी माणसे मी हजारोंनी पाहिली, परंतु प्रश्नचिन्हाने ओळखला जाणारा हा एकच ऐकला.

ही मंडळी मिशिगन राज्यातली, सॅगिनॉ आणि बे सिटी या गावांच्या परिसरातली. हा बीटाचा मुलूख. आपण उसापासून साखर काढतो, तिकडे थंडीमुळे ऊस होत नाही, म्हणून साखरेचे बीट लावतात. बीट दाट उगवते. मग वाकून आखूड दांड्याच्या खुरप्यासारख्या हत्याराने ते विरळावे लागते, ठरावीक अंतरावर एकेक रोप राखून बाकीची उपटावी लागतात. या कामासाठी साखर कंपन्या टेक्सासमधून मेक्सिकन वंशाची कुटुंबेच्या कुटुंबे आणवीत. मजुरी एकरावर ठरे, म्हणून नवरा, बायको, पोरे सगळीच शेतात उतरत. आपल्याकडे बीड-नगर भागातून निघणाऱ्या टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याहून अधिक सांगावयास नको. हळूहळू काही कुटुंबे तिथेच स्थायिक झाली आणि मोटारींचे भाग ओतणाऱ्या फौंड्र्यांतून कामाला लागली. अशा घरांतली ही पोरे.

वाद्यवृंद उभा राहिला १९६२ साली. मूळच्यांपैकी दोघे सैन्यात गेले, त्यांच्या जागी दुसरे आले. ऑर्गन वाजविणारा फ्रँक रॉड्रिग्ज हा तर तेव्हा शाळकरी पोरगाच होता. आणि या गाण्याचा प्राण म्हणजे त्याने वाजविलेली ती ऑर्गनची ओळ. ऑर्गन म्हणजे प्रार्थनामंदिरातला भव्य ऑर्गन समजू नये. मोटारीत घालून कुठेही नेता येईल असा तो विजेवरचा लहान ऑर्गन. सुरावट इतकी साधी, की आपल्या बाजाच्या पेटीवर एखादा होतकरू पोर तासाभरात बसवील. शब्दांचा आशय असा, की जी सोडून गेली तिला प्रियकर बजावतो, माझेही दिवस येतील आणि मग रडण्याची पाळी तुझी असेल. ते रडणे तो मोजून सांगतो, शहाण्णव अश्रू! मजुराच्या पोराला हिशेबाशिवाय रडणेही सुचू नये, हे मला तरी स्वाभाविकच वाटले.

मुद्रण बे सिटीतल्या एका घरगुती स्टुडिओत झाले. तबकडी काढली लिली गोन्झालेस या बाईंच्या ‘पा-गो-गो’ नावाच्या चिमुकल्या कंपनीने. ती तबकडी ४५ फेऱ्यांची. अशा तबकडीला दोन बाजू असतात, एक चालावी अशी इच्छा असलेली आणि दुसरी जागा भरण्यासाठी. ‘शहाण्णव अश्रू’ कोणत्या बाजूवर घालावे यावरही तेव्हा वाद झाला म्हणतात. फ्लिंट गावच्या आकाशवाणी केंद्रावरून हे गाणे वाजू लागले आणि श्रोत्यांनी तेच तेच मागावयास सुरुवात केली. तेव्हा फिलाडेल्फियाच्या ‘कॅमिओ-पार्कवे’ या मोठ्या कंपनीने तबकडी आपल्याकडे घेतली. २९ ऑक्टोबर १९६६ च्या आठवड्यात ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाच्या यादीत ती साऱ्या अमेरिकेत पहिली आली. तिने खाली ओढले ते डेट्रॉइटच्या ‘फोर टॉप्स’च्या गाण्याला, आणि पुढच्याच आठवड्यात तिच्या जागी आले ते ‘मंकीज’चे, म्हणजे दूरचित्रवाणीच्या मालिकेसाठी निवडून जमविलेल्या मंडळींचे. एकच आठवडा! यांचे आणखी एक गाणे बाविसाव्या क्रमांकापर्यंत चढले, पण जग त्यांना एका गाण्याचे धनी म्हणूनच ओळखते.

त्याच शरद ऋतूत वॉशिंग्टनला काय चालले होते, तेही येथे सांगितले पाहिजे. अमेरिकेत संघटनेचा हक्क देणारा कायदा १९३५ चा आणि किमान वेतनाचा १९३८ चा. दोन्हींतून शेतमजूर वगळलेले होते. सप्टेंबर १९६६ मध्ये किमान वेतनाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या शेतांवरच्या मजुरांना तो प्रथमच लागू झाला, आणि तोही उणा: १९६७ च्या फेब्रुवारीपासून आधीच कायद्यात असलेल्यांना तासाला एक डॉलर चाळीस सेंट, तर शेतमजुरांना एक डॉलर. संघटनेच्या कायद्यातून ते आजही बाहेरच आहेत. पोरांचे गाणे चढत होते त्याच दिवसांत त्यांच्या आईबापांच्या धंद्याला ही अर्धीमुर्धी भाकर मिळत होती.

आता मालकीची गोष्ट. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात, हे पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. पहिली म्हणजे रचना, शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्या विशिष्ट दिवशी मुद्रित झालेला आवाज, ज्याला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. अरेथा फ्रँकलिन हिने १९६७ साली हेच गाणे आपल्या आवाजात गायले. ते तिचे वेगळे मुद्रण, पण रचनेचे पैसे रचनेच्या हक्कदाराला. उलट मूळ तबकडी पुन्हा छापावयाची, तर मास्टर ज्याच्या कपाटात त्याची परवानगी हवी. आणि ते कपाट कलावंताचे नसते. १९६७ साली कॅमिओ-पार्कवे ॲलन क्लाइन याच्या ताब्यात गेली. हा गृहस्थ ‘रोलिंग स्टोन्स’चे व्यवहार पाहत असे, पुढे ‘बीटल्स’चेही पाहू लागला. कंपनीचे नाव बदलून ‘ॲबको’ झाले, नव्या तबकड्या थांबल्या, आणि जुनी मुद्रणे कपाटात राहिली. ‘पंक रॉक’ हा शब्दप्रयोग १९७१ साली एका अमेरिकन मासिकात छापून आला तो याच मंडळींविषयी लिहिताना. म्हणजे त्यांच्यावरून पंथाला नाव चिकटले, आणि त्यांचे मूळ गाणे मात्र बाजारात धड मिळेना.

हे वाचताना मला आमच्याकडचा एक गायक आठवला. टोळीबरोबर कोयता घेऊन जाणारा, रात्री पालावर गाणारा. कॅसेटचा जमाना होता. त्याचे एक गाणे वरातीवरातीतून वाजू लागले, तेव्हा तो माझ्याकडे एक कागद घेऊन आला. ‘भाऊ, बघा जरा, ह्यात माझं काय ऱ्हायलंय?’ कॅसेट काढणाऱ्याने तीन हजार रुपये एकदाच दिले होते आणि कागदावर ‘सर्व हक्क कायमचे’ असे होते. मी म्हणालो, ‘काही नाही, दादा.’ तो हसला व म्हणाला, ‘मंग ही उचलच झाली की.’ मी त्याला म्हटले, उचल निदान हंगामात फिटते. कागद वाचून दाखविण्यापलीकडे त्या दिवशी मला काहीच करता आले नाही, ही बोच अजून आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. आता गीतकार व संगीतकार यांना रॉयल्टीचा आपला समान वाटा सहीने सोडून देता येत नाही; तशी सही केली तरी ती निरर्थक ठरते. कायदा चांगला आहे. तो पालावर पोहोचला आहे काय, हे विचारावयास मी दर हंगामात जातो, आणि बहुधा मलाच तो सांगावा लागतो.

मिस्टेरियन्सनी मात्र एक मजुरी युक्ती काढली. मास्टर मिळत नाही ना, तर तेच गाणे पुन्हा वाजवावे! १९९७ साली जुनी मंडळी एकत्र जमली. केस पिकलेले, पोरेबाळे मोठी झालेली, ऑर्गनवर पुन्हा तोच फ्रँक रॉड्रिग्ज. त्यांनी आपलीच जुनी गाणी नव्याने मुद्रित केली आणि ती विकावयास ठेवली. मूळ मुद्रण सीडीवर निघाले ते २००५ साली, म्हणजे एकोणचाळीस वर्षांनी. दोन्ही मुद्रणे मी एका तरुण कार्यकर्त्याच्या फोनवर एकामागून एक ऐकली. फरक फार थोडा आहे. पहिल्यात पोर आहे, दुसऱ्यात बाप. धमकी तीच, आणि अश्रू पुन्हा तितकेच मोजलेले.